दुरुस्ती झालीये, मग माझ्या मशीनवर का नाही? नेटवर्क ड्रायव्हरच्या एका पॅचचा प्रवास

लिनक्स वापरणाऱ्यांकडून मला एक प्रश्न हमखास येतो. "हा बग नव्या कर्नलमध्ये कधीच सुटलाय म्हणे. मग मी रोज अपडेट करतो तरी माझ्याकडे तो तसाच का?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं थोडक्यात उत्तर असं की कर्नलमध्ये दुरुस्ती होणं आणि ती तुमच्या डिस्ट्रिब्युशनमध्ये येणं या दोन वेगळ्या घटना आहेत. त्यांच्यामधला रस्ता आपोआप पार होतोच असं नाही. कधीकधी कुणाला तरी ती दुरुस्ती उचलून पलीकडे न्यावी लागते. २०२३ च्या सुरुवातीला एका नेटवर्क ड्रायव्हरच्या बाबतीत ते काम माझ्याकडे आलं, म्हणून तेच उदाहरण घेऊन हा रस्ता समजावतो. चिप कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण असा बग कुणाच्याही ड्रायव्हरमध्ये असू शकतो.

आधी अडचण काय होती ते सांगतो. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाची अभ्यासिका आहे. तिथल्या १२ छोट्या पीसींवर उबुंटू २२.०४ आहे आणि सुट्टीच्या दिवशी जमेल तसं मी ते सांभाळतो. स्पर्धा परीक्षेची मुलं तिथे बसून ऑनलाइन फॉर्म भरतात. लाइट गेली की सगळं इन्व्हर्टरवर चालतं, त्यामुळे १५ मिनिटं कुणी हात लावला नाही तर मशीन झोपी जातं, म्हणजे स्लीप मोडमध्ये जातं. पण उठल्यावर नेट यायचंच असं नाही. केबल जोडलेली, पोर्टवरचा दिवा चालू, आयपी पत्ताही दिसतोय, पण पॅकेट एकही जात नाही. रीस्टार्ट केलं की सगळं ठीक. फॉर्मची शेवटची तारीख, फी भरायचं पान उघडं आणि नेट गायब, हे तिथल्या मुलांनी एकदा नाही, बऱ्याचदा सोसलंय.

तात्पुरता उपाय मी लगेच केला. मशीन उठलं की ड्रायव्हरचं मॉड्यूल काढून पुन्हा घालणारी पाच ओळींची स्क्रिप्ट टाकली. काम भागलं. पण तीच चिप असलेल्या दुसऱ्या कुणाला ही स्क्रिप्ट कुठून मिळणार?

दुरुस्ती आहे का, आणि कुठे आहे?

अशा वेळी पहिली पायरी म्हणजे अगदी ताजा, कुठल्याही डिस्ट्रिब्युशनचा हात न लागलेला कर्नल लावून बघणं. याला मेनलाइन कर्नल म्हणतात. उबुंटूवाले असे कर्नल चाचणीसाठी तयार पॅकेजच्या रूपात ठेवतात, त्यामुळे घरी बिल्ड करत बसायची गरज नाही. एका मशीनवर ६.१ लावला. अडचण गेली. ५.१५ वर आलो, की अडचण परत. म्हणजे मधे कुणीतरी, कळत किंवा नकळत, हे दुरुस्त केलं होतं.

मग शोध सुरू झाला तो नेमक्या बदलाचा. ५.१५ आणि ६.१ मध्ये सहा आवृत्त्यांचं अंतर आहे आणि दर आवृत्तीत साधारण १३ ते १६ हजार बदल येतात. म्हणजे ८०–९० हजार बदलांतून एक शोधायचा. गिट बायसेक्ट नावाचं साधन हे काम डिक्शनरीत शब्द शोधल्यासारखं करतं. मधलं पान उघडा, शब्द अलीकडे की पलीकडे ते बघा, उरलेल्या अर्ध्याचं पुन्हा मधलं पान उघडा. ९० हजारांसाठीही १७ वेळा पुरतं. तरी १७ वेळा कर्नल बिल्ड करायचा म्हणजे रविवार गेलाच. पण शोध फक्त त्या ड्रायव्हरच्या फोल्डरपुरता ठेवला तर बदल उरतात काही डझन, आणि पाच-सहा बिल्डमध्ये उत्तर मिळतं. माझं तसंच झालं.

सापडलेला बदल मजेशीर निघाला. तो लिहिणाऱ्याने बग दुरुस्त करायला लिहिलाच नव्हता. त्याच कुटुंबातल्या एका नव्या चिपसाठी आधार जोडताना त्याने स्लीपमधून उठण्याचा कोड नीट रचला, आणि त्या ओघात जुन्या चिपचं एक रजिस्टर पुन्हा भरलं जाऊ लागलं. ते रजिस्टर रिकामं राहिलं की चिपला मेमरीतून पॅकेट उचलता येत नसत. ११ ओळींचा बदल!

मग ती दुरुस्ती आपोआप का आली नाही?

इथे कर्नलची रचना थोडी समजून घ्यावी लागेल. नेटवर्किंगचे बदल दोन वेगळ्या झाडांमध्ये जातात. झाड म्हणजे कोडची स्वतंत्र शाखा असलेली प्रत. एकाचं नाव 'नेट', दुसऱ्याचं 'नेट-नेक्स्ट'. बगच्या दुरुस्त्या 'नेट'मध्ये जातात आणि चालू आवृत्तीत लगेच येतात. नवी वैशिष्ट्यं 'नेट-नेक्स्ट'मध्ये जातात आणि पुढच्या आवृत्तीची वाट बघतात. नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते. पहिले दोन आठवडे नवे बदल घेतले जातात, नंतर फक्त दुरुस्त्या.

या सगळ्याच्या मागे आहे 'स्टेबल' शाखा. एखादी आवृत्ती बाहेर पडली की तिच्यात पुढे फक्त दुरुस्त्या जातात. त्यातल्या काही आवृत्त्या कित्येक वर्षं सांभाळल्या जातात; ५.१०, ५.१५, ६.१ या तशा. पण स्टेबलमध्ये काय घ्यायचं हे ठरवताना मुख्यतः पॅचवरच्या खुणा बघितल्या जातात. एक खूण म्हणजे 'फिक्सेस' ही ओळ. कुठल्या जुन्या बदलामुळे हा बग आला ते तिच्यात त्या बदलाच्या क्रमांकाच्या पहिल्या १२ अक्षरांसह लिहायचं असतं. दुसरी खूण म्हणजे पॅचमध्येच स्टेबलवाल्यांचा पत्ता घालणं. खुणा नसलेले पण दुरुस्तीसारखे दिसणारे पॅच हेरायला एक स्वयंचलित साधनही वापरलं जातं. आमचा बदल 'नव्या चिपसाठी आधार' अशा शीर्षकाखाली 'नेट-नेक्स्ट'मधून आला होता. कुठलीच खूण नाही. मग तो कुणी उचलावा तरी का?

यात कुणाचा निष्काळजीपणा नाही. लिहिणाऱ्याला बग माहीतच नव्हता. तो माहीत होता तो ज्यांच्याकडे ते हार्डवेअर होतं त्यांना, आणि त्यांच्यापैकी कुणी तो त्या बदलाशी जोडून दाखवला नव्हता.

"मग नवा कर्नलच टाका की!" हे मला किमान तीन मित्रांनी सुचवलं. उबुंटू आपल्या एलटीएस आवृत्तीला ठराविक काळाने नवा कर्नल देतं हे खरंय. पण त्या वेळी २२.०४ साठी मिळणारा नवा कर्नल ५.१९ होता, आणि दुरुस्ती आली होती ६.१ मध्ये. पुढचा थांबा ऑगस्टमध्ये. स्वतः बिल्ड केलेला कर्नल लावायचा तर त्यावर डिस्ट्रिब्युशनची सही नसते, म्हणजे सिक्युअर बूट बंद करा किंवा स्वतःच्या किल्ल्या सांभाळा. शिवाय दर सुरक्षा अपडेटला पुन्हा बिल्ड करा. १२ मशीनच्या वाचनालयासाठी हे कोण करत बसणार? मी तरी नाही.

स्टेबलचं दार

स्टेबलचे नियम कडक आहेत, पण वाचायला सोपे आहेत. पॅच किंवा त्याच्या बरोबरीचा बदल आधी मेनलाइनमध्ये गेलेला असावा. आजूबाजूच्या ओळी धरून १०० ओळींपेक्षा मोठा नसावा. खऱ्या माणसांना त्रास देणारा खरा बग त्यातून सुटावा. "असं होऊ शकेल बहुतेक" चालत नाही. आणि तो तपासलेला असावा.

मेनलाइनमधला पहिला नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. समजा दुरुस्ती फक्त ५.१५ मध्ये घातली आणि मेनलाइनमध्ये नाही, तर पुढे नव्या आवृत्तीवर जाणाऱ्याला तोच बग पुन्हा भेटेल. म्हणून पाणी नेहमी वरून खाली सोडायचं. याच कारणाने जुन्या शाखेसाठी पॅच द्यायचा तर मधल्या चालू शाखांचाही विचार करावा लागतो.

मूळ पॅच ५.१५ वर जसाच्या तसा बसत नव्हता, कारण मधल्या काळात एका फंक्शनचं नाव बदललं होतं. त्यामुळे मला तो थोडा बदलून द्यावा लागला. याला बॅकपोर्ट म्हणतात. त्यात मूळ बदलाचा पूर्ण क्रमांक द्यायचा, काय आणि का बदललं ते लिहायचं, मूळ लेखकाचं नाव तसंच ठेवायचं आणि शेवटी आपली 'साइन्ड-ऑफ-बाय' ओळ जोडायची. ही ओळ नुसती सहीची हौस नाही. २००३ मध्ये एससीओ कंपनीने लिनक्समधल्या कोडवरून आयबीएमवर खटला भरला, त्यानंतर २००४ मध्ये ही पद्धत सुरू झाली. "हा कोड द्यायचा मला हक्क आहे" असं त्या ओळीतून आपण लिहून देतो. २०२३ च्या सुरुवातीपर्यंत नाव खरं लागायचं, टोपणनाव चालत नसे.

पॅच कुणाला पाठवायचा हे शोधायला कर्नलच्या कोडमध्येच एक स्क्रिप्ट आहे. तिला पॅच दिला की ती त्या ड्रायव्हरच्या मेंटेनरची यादी देते. मी स्टेबलवाल्यांना आणि त्या मेंटेनरना एकत्रच पाठवलं. मेंटेनरचं उत्तर एका ओळीचं आलं, होकाराचं. त्यानंतर पॅच पुढच्या स्टेबल आवृत्तीच्या रांगेत लागला. रांगेतले सगळे पॅच आधी तपासणीसाठी जाहीर होतात आणि साधारण ४८ तास हरकतींसाठी खुले असतात. कुणी हरकत घेतली नाही.

इथे बऱ्याच जणांना वाटतं की झालं काम. उबुंटूसाठी ते अर्धंच झालेलं असतं.

डिस्ट्रिब्युशन इतकी सावध का असतात

एक जुनी गोष्ट सांगतो. २००८ च्या सप्टेंबरमध्ये २.६.२७ ची चाचणी आवृत्ती चालवणाऱ्यांची इंटेलची नेटवर्क कार्डं मरायला लागली. मरायला म्हणजे अक्षरशः. कार्डावर एक छोटी मेमरी असते, तिच्यात कार्डाचा पत्ता आणि सेटिंग असतं. तीच पुसली जात होती. रीस्टार्टने काही होत नव्हतं. ड्रायव्हरचं नाव ई-१०००-ई, त्यामुळे सगळा संशय त्याच्यावर. उबुंटूने तेव्हाच्या ८.१० च्या चाचणी आवृत्तीत तो ड्रायव्हरच बंद ठेवला.

ऑक्टोबरमध्ये खरा दोषी सापडला. तो होता कर्नलमधल्या फंक्शनचा माग काढणारा एफट्रेस. सुरुवातीलाच वापरून सोडून दिलेल्या कोडच्या जागा त्याने लक्षात ठेवल्या होत्या. पुढे त्याच पत्त्यांवर नेटवर्क कार्डाची मेमरी जोडली गेली, आणि आपला जुना कोड समजून एफट्रेस तिथे लिहू लागला. म्हणजे नेटवर्कशी काडीचा संबंध नसलेल्या बदलाने नेटवर्क कार्डं मारली. २.६.२७ बाहेर पडल्यावर काही दिवसांतच आलेल्या २.६.२७.१ मध्ये एफट्रेसचा तो भाग बंद केला गेला.

म्हणून लाखो मशीनवर जाणारा कर्नल सांभाळणारा माणस "११ ओळीच तर आहेत" या वाक्याला भुलत नाही, आणि भुलूही नये.

प्रत्येकाची सावधगिरीची रीत वेगळी. डेबियन आपल्या स्थिर आवृत्तीत एखादी दीर्घकाळ सांभाळली जाणारी शाखा धरतं आणि तिची स्टेबल अपडेट घेत राहतं. डेबियन ११ मध्ये ५.१०, १२ मध्ये ६.१. सी-डॅकचं बॉस लिनक्स डेबियनवर उभं आहे, म्हणजे तिथलं पाणी तिकडेही वाहतं. रेड हॅट याच्या उलट. आरएचईएल ८ चा कर्नल नावाने ४.१८ च राहतो, पण आत कितीतरी नवे ड्रायव्हर मागे आणून बसवलेले असतात. त्यामुळे नुसता आवृत्तीचा आकडा बघून "यात दुरुस्ती आहे की नाही" ठरवता येत नाही. उबुंटूतही आकडा कायम ५.१५.० असाच दिसतो. आत स्टेबलची कितवी आवृत्ती मिसळली आहे ते प्रोक फोल्डरमधल्या व्हर्जन-सिग्नेचर या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ही फाइल फार कमी लोकांना माहीत आहे, आणि बगची तक्रार करताना ती सोन्यासारखी आहे.

उबुंटूचं दार

स्टेबल शाखेतले बदल उबुंटू स्वतःहून घेतंच, पण आपल्या वेळापत्रकाने. मला ते थेटही पाठवायचं होतं. त्या प्रक्रियेला एसआरयू म्हणतात, म्हणजे आधीच बाहेर पडलेल्या आवृत्तीत बदल करायची परवानगी. आधी लाँचपॅडवर बगची नोंद हवी. तिच्यात चार गोष्टी लिहायच्या असतात: त्रास कुणाला आणि काय होतोय, दुरुस्ती काय, ती तपासायची कशी, आणि यातून काय बिघडू शकेल.

चौथा मुद्दा लोक "काही नाही" लिहून मोकळे होतात. तसं लिहिलं की तपासणाऱ्याचा विश्वास तिथेच उडतो. मी लिहिलं की बदल फक्त स्लीपमधून उठण्याच्या वाटेवर आहे, त्यामुळे बिघडलंच तर याच ड्रायव्हरच्या मशीनवर उठल्यानंतर नेट जाईल, इतरांना धक्का लागणार नाही. किती नुकसान होऊ शकतं याची हद्द आखून दिली की समोरच्याला निर्णय घेणं सोपं जातं. माझ्या नोंदीवर आणखी काही जणांनी "मलाही हाच त्रास" असं बटण दाबलं होतं, त्याचाही उपयोग झाला. ते बटण क्षुल्लक समजू नका.

पॅच कर्नल टीमकडे गेला की टीममधल्या दोघांचा होकार लागतो. तो मिळाला. पॅच पुढच्या चक्रात गेला, कर्नल बिल्ड झाला आणि 'प्रपोज्ड' नावाच्या चाचणीच्या कप्प्यात आला. आणि मग आला बॉटचा निरोप. त्याचा अर्थ असा: हा कर्नल तुमच्या मशीनवर तपासा आणि नोंदीवरची 'व्हेरिफिकेशन-नीडेड' ही पाटी बदलून 'व्हेरिफिकेशन-डन' करा. कामाच्या पाच दिवसांत तपासलं नाही तर दुरुस्ती काढून टाकली जाईल.

पाच दिवस. निरोप आला मंगळवारी संध्याकाळी. मी पुण्यात, ऑफिसात त्याच आठवड्यात रिलीज, आणि मशीन साताऱ्याकडे. ती चिप असलेलं दुसरं मशीन माझ्याकडे नव्हतं, कर्नल टीमकडे असायची शक्यताही कमीच. हे काम दुरूनही होत नाही, कारण तपासायचंय तेच मुळी नेट जातं का हे!

शेवटी ग्रंथपाल मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "मला ते जमायचं नाही, पण इथला एक मुलगा हुशार आहे, त्याला देते." त्याला व्हॉट्सॲपवर पायऱ्या पाठवल्या. एका मशीनवर प्रपोज्ड चालू करायचं, फक्त कर्नलचं पॅकेज घ्यायचं (सगळंच अपडेट करायचं नाही, नाहीतर इतर चाचणीतल्या गोष्टीही येतात), माझी जुनी स्क्रिप्ट काढायची, रीस्टार्ट करायचं आणि नवी स्क्रिप्ट चालवायची. ती आरटीसीवेक वापरून मशीनला २० सेकंद झोपवते, उठवते, राउटरला पिंग करते आणि निकाल फाइलमध्ये लिहिते. असं ५० वेळा.

"दादा, स्क्रीन काळी झालीये."

"होऊ दे. आपोआप उठेल. हात लावू नकोस फक्त."

"अजून किती वेळा असं होणार?"

"एकोणपन्नास."

५० हा आकडा उगाच नव्हता. आधी मोजलं होतं की १० वेळा झोपवलं तर सरासरी तीन वेळा नेट जातं. म्हणजे बग असूनही एकदा ठीक चालायची शक्यता ७० टक्के. एकदा करून "चाललं" म्हणणं निरर्थक. बग तसाच असताना सलग १० वेळा नशिबाने पार पडायची शक्यता जवळपास ३ टक्के उरते, आणि ५० वेळा तर नगण्य. अधूनमधून दिसणारा बग तपासताना हा हिशोब आधी करावा. त्याने जुन्या कर्नलवरही २० वेळा चालवून घेतलं, कारण बग त्या मशीनवर अजून दिसतोय हे सिद्ध झाल्याशिवाय नव्या कर्नलचा निकाल कशाशी ताडून बघणार? जुन्यावर २० पैकी ७ वेळा नेट गेलं. नव्यावर ५० पैकी एकदाही नाही.

गुरुवारी रात्री दोन्ही निकाल, मशीनचं मॉडेल आणि कर्नलचा पूर्ण क्रमांक नोंदीत लिहून मी पाटी बदलली. पुढच्या चक्रात तो कर्नल सगळ्यांसाठी खुला झाला. मी पहिल्यांदा नोंद केल्यापासून सुमारे अडीच महिने लागले. त्यातलं प्रत्यक्ष कोडचं काम फार तर एका संध्याकाळचं.

तुमच्याकडे असा काही बग असेल तर सुरुवात तिथूनच करा: मेनलाइन कर्नल लावून बघा आणि निकाल नोंदीत लिहा. सी भाषा यायची गरज नाही. "५.१५ वर जातं, ६.१ वर जात नाही, दहापैकी तीन वेळा" एवढं एक वाक्य कर्नल टीमचे कित्येक तास वाचवतं. कुणाची दुरुस्ती प्रपोज्डमध्ये येऊन पडली असेल आणि ती चिप तुमच्याकडे असेल, तर तपासून द्या. तपासणारं कुणी भेटलं नाही म्हणून चांगला पॅच गळून पडू शकतो.

आणि दुरुस्ती आल्यावर तुमची तात्पुरती स्क्रिप्ट काढायला विसरू नका. सिस्टमडीच्या सिस्टम-स्लीप फोल्डरमध्ये टाकलेली असेल तर ती तिथेच राहते, कर्नल अपडेट तिला हात लावत नाही. मग दर वेळी मशीन उठलं की चांगला चालणारा ड्रायव्हर उगाच काढला-घातला जातो आणि नेट यायला चार-पाच सेकंद जास्त लागतात. अभ्यासिकेतल्या उरलेल्या ११ मशीनवरून त्याच मुलाने ती काढली.